कोऱ्या होडीची करवली

समुद्राकाठी जन्मल्यामुळे होडी या विषयावर मला कोणी काही शिकवावं, हे मी सत्तेचाळीस वर्षं मान्य केलं नव्हतं. भंडारा जिल्ह्यात आठवडाभरात ते मान्य करावं लागलं, आणि तेही करवली होऊन.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी तिकडे गेले होते. आमच्या गावच्या वाचनालयात मी नोकरीला. रजा साठून साठून वाया जायच्या बेताला आली होती, आणि माझी मामेबहीण नलू दर पत्रात लिहायची, 'एकदा येऊन तर जा.' तिचे यजमान नाकाडोंगरीच्या बाजूला मँगनीजच्या खाणीत कारकून होते. रत्नागिरीच्या एस.टी.त सुरू झालेला माझा प्रवास तुमसर रोड स्टेशनात संपला तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि माझ्या केसांत आगगाडीचा कोळसा भरला होता. पुढे नलूच्या घरापर्यंत लाल धुळीचा रस्ता. दोन्हीकडे जंगल, आणि जंगलात पळस असा फुललेला की पान म्हणून दिसू नये. फाल्गुन चालू होता. मी नलूला सांगून टाकलं, 'मला काही बघायचं नाही. चार दिवस मी नुसती गप्प बसणार आहे.'

दुसऱ्याच दिवशी ती मला होडी बघायला घेऊन गेली.

'इथे कुठली होडी?' मी म्हटलं. जंगल आणि खाणी सोडून त्या मुलखात मला काही दिसलं नव्हतं. पण लाकूड जिथे, होडी तिथे. दीड कोसावरच्या एका खेड्यात गोमाजी वाढई (सुतार) होता, आणि त्याच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली बारा हात लांबीची नवीकोरी होडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती. फळ्या सागाच्या, आतले वाकडे बांध बिज्याच्या लाकडाचे. फटींत अंबाडीचा वाख ठासून त्यावर राळ आणि जवसाचं तेल उकळून ओतायचं काम चाललं होतं. त्या वासानं मला एकदम वडील आठवले. त्यांची मासेमारीची होडी होती आणि दर पावसाळ्याआधी आमच्या अंगणात असाच वास सुटायचा.

आठवण आली की माणसानं गप्प उभं राहावं. मी मात्र परीक्षा घ्यायला लागले. होडीभोवती फिरून म्हटलं, 'गोमाजी, हिला खालून कणा कुठे आहे?'

'कना कायले पायजे जी?' गोमाजी शांतपणे म्हणाला. 'तुमच्या समिंदरात पानी खोल. आमच्या गंगेले फागनात पानी गुडघाभर. कना लावला तं डोंगी रेतीतच रुतून राहीन.'

तिकडे वैनगंगेला नुसतं गंगा म्हणतात आणि अशा लहान होडीला डोंगी. उत्तर चोख होतं, पण हार मानणं आमच्या घराण्यात नाही. 'तोल तरी बघितलात का?' असं म्हणत मी चप्पल काढली, काठ धरला आणि सरळ होडीत पाय टाकून उभी राहिले. दोन्ही पायांवर आलटून पालटून भार देऊन दाखवला.

राळ ढवळणारी बाई ढवळायची थांबली. गोमाजीच्या हातातली पटाशी खाली आली. नलूनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काहीतरी मोठं चुकलं होतं, पण काय ते कळेना.

'बाई, पाय काढा,' ती राळवाली बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला धसका बसला. मी उतरले.

ही यमुना. होडी तिची होती. पस्तिशीची, सडसडीत, कपाळ मोकळं. पवनीच्या अंगाला वैनगंगेकाठी तिचं गाव, जात ढिवराची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. गेले वीस दिवस ती गोमाजीच्या अंगणात पडेल ते काम करत होती. सोबत तिचा म्हातारा झिबलमामा. नदीतून होडी ओढून न्यायला तोच आपला जुना डोंगा देणार होता. झाडाचं एकच खोड कोरून केलेला तो डोंगा तुमसरपलीकडच्या घाटावर बांधून ठेवलेला होता.

माझा गुन्हा मला मामानं समजावून सांगितला. कोरी डोंगी म्हणजे नवरी. वाढई तिचा बाप. नवरीनं सासरी कोरंच जायचं असतं. म्हणून तिला दुसऱ्या डोंग्यामागे दोर लावून न्यायची. 'वाटेत तिच्यात कोनी बसत नाई. मालकीनबी नाई. आपल्या घाटाले लागली, ओटी भरली, मंग पाय ठेवाचा.'

आणि माझे तर दोन्ही पाय पडले होते.

'फळी बदलू काय?' गोमाजी हळूच म्हणाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फळी बदलायची तर चार दिवस मोडणार, आणि यमुनेकडे चार दिवस नव्हते. ते का नव्हते, हे तिनं मला तिथेच, कढईखालचा जाळ मागे ओढत सांगितलं. फाल्गुनात नदी आटून तिचे डोह होतात. यमुनेच्या गावच्या मोठ्या डोहात घराघराची बारी (आळीपाळीतला हक्काचा दिवस) असते. होळीच्या आदल्या दिवशी ज्याची होडी घाटाला लागलेली, त्याची बारी धरायची.

'माहा घरवाला गेला, त्याच पुरात डोंगा गेला,' ती म्हणाली. 'मांगच्या साली बारी सोडली. यंदाबी डोंगी नाई लागली तं घरची बारी गेली, कायमची. मंग लोकायच्या बारीत टोपले उचलाचे.'

होळीच्या आदल्या दिवसाला सहा दिवस उरले होते.

झिबलमामानं होडीच्या काठावरून हात फिरवला. मग म्हणाला, 'पाय पडला तं पडला. नवरीसंग करवली असतेच का नाई? करवलीचा पाय चालते.'

'हाव,' गोमाजी म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलेलं दिसलं.

'म्हणजे करवली कोण?' मी विचारलं.

'तुमी. आता तुमाले सासरपावतर जा लागीन.'

मी हसले. मग बघते तर हसणारी मी एकटीच. नलू तोंडात पदर घालून उभी होती, ती म्हणाली, 'चार दिवस गप्प बसायचं होतं ना तुला? बस आता डोंग्यात.' नाही म्हणायला मला शंभर कारणं होती. पण यमुना माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर टाळण्याइतकी मी निगरगट्ट नाही. अर्धे केस पांढरे झालेली करवली त्या पंचक्रोशीनं आधी कधी बघितली नसेल.

निघताना गोमाजीनं होडीला हळद लावली. बायकोनं ओवाळलं. दोन बंड्या (बैलगाड्या) एकीमागे एक बांधून त्यांवर होडी चढवली. बैल हलले तसा गोमाजी डोळे पुसायला लागला. 'दरवेळेस रडते हा,' त्याची बायको मला म्हणाली, 'पोरीच्या लग्नात नाई रडला.'

तुमसर ओलांडून घाटावर पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तिथे होडी पाण्यात ढकलली आणि लगेच तिच्यात दगड भरून ती बुडवली. हे मात्र मला ठाऊक होतं. वाळलेलं लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि फटी मिटतात. मी माहीतगाराच्या थाटात मान डोलवत काठावर बसले. एक रात्र होडी पाण्याखाली राहिली. चार दिवस ठेवायला हवी होती, पण तेवढे कुणाकडे होते? यमुना पहाटेपर्यंत तीनदा उठून बघून आली असावी, कारण सकाळी तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

पुरती न फुगल्यामुळे वर काढलेली होडी पाझरायला लागली. पाणी उपसायचं कोणी? आत तर कोणी बसायचं नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागली. कोऱ्या होडीत पाय ठेवायची परवानगी साऱ्या वैनगंगेत एकाच माणसाला होती. दर कोसाला डोंगा थांबायचा, मी कासोटा खोचून होडीत उतरायचे, गोडेतेलाच्या डब्यानं पाणी उपसायचे, आणि परत डोंग्यात येऊन बसायचे. मान करवलीचा आणि काम मोलकरणीचं.

पण नदी! मी खाऱ्या पाण्याची माणूस. आमचं पाणी सदा रागावलेलं किंवा रागवायच्या तयारीत. हे पाणी स्वच्छ आणि सावकाश. तळाचे गोटे दिसायचे, गोट्यांमधून झिंगे सरकताना दिसायचे. काठावर मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून विचारायच्या, 'कोनाची नवरी होये?' आणि यमुना ओरडून गावाचं नाव सांगायची. दर वेळी तिचा आवाज आधीच्यापेक्षा मोठा निघायचा. मामा पुढे उभा राहून बांबूनं तळ ढकलायचा, यमुना मागे वल्हं धरायची. मागे वीस हात दोरावर ती पिवळी होडी, हळद लावलेली, पाण्यावर हलत हलत येत होती. मला ती फार आवडायला लागली. परक्याच्या होडीचा इतका अभिमान मला का वाटावा, कोण जाणे.

एक अभिमान मात्र उतरला. खळाळत्या उतारापाशी मी मामाला म्हटलं, दोर आखडा, आमच्याकडे आखडतात. मामा म्हणाला, 'उतारावर दोर लांब पायजे जी.' मी म्हटलं, बघा तर खरं. त्यानं पाहुणीचा मान राखून दोर आखडला. उताराला लागताच मागची होडी पाण्याच्या जोरानं धावत आली आणि डोंग्याच्या शेपटीला अशी धडकली की मी बसल्या जागेवरून थेट पाण्यात. पाणी कमरेइतकंच होतं. चष्मा मामानं बांबूच्या टोकानं शोधून काढला. कोणी हसलं नाही. दोघंही माझ्याकडे पाठ करून बराच वेळ आपापलं काम करत राहिली. त्यानंतर दोराबद्दल मी तोंड उघडलं नाही.

आता ओटीचं सांगते, कारण खरा घोळ तिथे झाला.

ढिवरांची घरं वैनगंगेच्या प्रत्येक घाटावर, आणि प्रत्येक घाटावर यमुनेचं कोणी ना कोणी. कुठे चुलत सासू, कुठे मावसबहीण. नवरी दारावरून जायची आणि ओटी न भरता जायची, हे कसं चालेल? पहिल्या घाटावर पाच बाया आरती घेऊन पाण्यात उतरल्या, होडीत नारळ ठेवला आणि वर तांदूळ ओतला. मूठभर नव्हे, पायलीभर. तो भंडारा जिल्हा आहे, तिथे तांदूळ मुठीनं मोजत नाहीत. मोहाडीच्या अंगाच्या घाटावर दोन पायल्या, एक भोपळा, आणि आंधळगावच्या मागावरचा लाल काठाचा कोशाच्या रेशमाचा तुकडा, होडीच्या नाकाला बांधायला. तिथे आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. लाखोरीच्या डाळीचं वरण, मरळ माशाचा रस्सा, आणि भात वाढणारी बाई 'पुरे' हा शब्द ऐकू न येणारी. मी करवली म्हणून माझे पाय धुतले. आयुष्यात माझे पाय कोणी धुतले नव्हते, मला गुदगुल्या झाल्या. भंडाऱ्याच्या घाटावर तर ढोलकी आणून ठेवलेली, आणि एका सुपात नव्हे, दोन टोपल्यांत तांदूळ.

'घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,' मी पुटपुटले. होडी चार बोटं खाली बसली होती. मामा ती चार बोटं वारंवार बघत होता.

'यमुने, पुढं रेती लागीन,' तो म्हणाला.

'मंग काय करू मामा? नवरीची ओटी नाई म्हनू?'

मामानं बांबू परत तळाला टेकवला. घाई किती आहे हे दोघांना माझ्याहून जास्त कळत होतं, आणि तरी दर घाटावर दोघं थांबत होती, दर घाटावर हात जोडून घेत होती. माझ्या मनात आलं, ही माणसं प्रेमापायी बुडणार. भरलेली ओटी सासरचं दार येईपर्यंत बाहेर काढायची नाही, हाही नियम होताच.

सहाव्या दिवशी सकाळी रेती लागली.

यमुनेचं गाव तिथून दीड कोस. नदी पसरून फर्लांगभर रुंद झालेली, आणि पाणी घोट्याइतकं. मामाचा डोंगा आम्ही कसाबसा ओढत नेला. होडी मात्र रुतून बसली. कोरं लाकूड पाणी पिऊन जड झालेलं, त्यात ते तांदूळ, भोपळे, नारळ. आम्ही तिघांनी खांदे लावले. मामा सत्तरीचा, मी वाचनालयातली. होडी वीतभर सरकली आणि थांबली. परत लावले. ती तेवढीसुद्धा सरकली नाही. ऊन चढत होतं. बारी धरायची वेळ दिवस मावळायच्या आत, आणि होडी घाटाला लागलेलीच हवी.

त्या वाळूत दोन्हीकडे डांगरवाड्या होत्या. डांगर म्हणजे खरबूज. नदी आटली की वाळूत खड्डे करून वेल लावतात आणि उन्हाळाभर तिथेच झोपड्या घालून राहतात. तीस-चाळीस माणसं मडक्यांनी वेलांना पाणी घालत होती. मामा जाऊन विचारून आला. 'येतो म्हनतेत, दुपार कलल्यावर. आता पानी नाई घातलं तं येल सुकतेत.' त्यांचंही खरं होतं.

यमुना होडीच्या काठाला हात लावून उभी होती. मला ते बघवेना. त्यात सकाळपासून पोटात काही नव्हतं. भूक लागली की मला रडू येतं किंवा राग येतो; त्या दिवशी राग आला. एवढा तांदूळ समोर आणि आम्ही उपाशी!

'मामा,' मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, 'करवलीला ओटीतलं खायचा काही हक्क असतो की नाही?'

मामानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग सावकाश म्हणाला, 'खायाचा हक्क हाये. काढून नेयाचा नाई.'

'आणि करवलीनं कोणाला जेवायला बोलावलं तर?'

यमुनेनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू, आणि ते हसू वाढतच गेलं. तिनं प्रत्येक घाटाच्या तांदळातली एकेक मूठ काढून पदरात गाठ मारून ठेवली. मग वाळूतून डांगरवाडीकडे पळत सुटली.

'नवरीचं जेवन हाये हो,' ती झोपडीझोपडीपाशी सांगत गेली. 'हातचं काम झालं की या. कोनी उपाशी राहू नोका.'

मोठी दोन पातेली एका झोपडीतून आली. दारावर निळा झेंडा असलेल्या झोपडीतली म्हातारी स्वतःच्या चुलीतला विस्तव घेऊन आली आणि भात शिजवायला बसली. भात कसा शिजवावा याबद्दल तिनं सगळ्यांना फटकारलं, मलाही. भोपळ्याची भाजी झाली. कोणी नदीतून पसाभर झिंगे आणले. पंगत वाळूतच बसली, पानं पळसाची. वेलांचं पाणी त्या लोकांनी कधी उरकलं मला कळलं नाही, पण दुपार कलायच्या आतच उरकलं होतं. भात संपतो आहे आणि होडी वर येते आहे, हे मी जेवता जेवता डोळ्यांनी बघितलं. पोट भरल्यावर इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

हात धुऊन एक दांडगा गडी उठला. म्हणाला, 'जेवलेल्या मानसानं वरात अर्ध्यात सोडाची नसते.' हा त्यांच्याकडचा रिवाज की त्याच्या तोंडचा, मी विचारलं नाही. तीस-पस्तीस माणसं होडीला लागली. ढकलली नाही, उचलली. बायकांनी एक बाजू घेतली, पुरुषांनी दुसरी. कोणी तरी लग्नाचं गाणं म्हणायला लागलं आणि सगळे त्या ठेक्यावर पावलं टाकायला लागले. घोटाभर पाण्यातून ती पिवळी होडी माणसांच्या खांद्यांवरून चालली. मी पुढे रिकामा डबा घेऊन. करवलीच्या हातात काहीतरी हवं.

खोल पाणी लागलं तशी त्यांनी ती अलगद सोडली. मामानं दोर लावला, लांब. यमुना इतक्या जोरात वल्हं मारत होती की मामाला दोनदा सांगावं लागलं, डोंगा जुना आहे.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा घाटावर माणसं बसलेली दिसली. पिंपळाखाली एक म्हातारा दोर घेऊन बसला होता. त्याला दशरथबुवा म्हणत, डोहाचा मान त्याच्याकडे. बाऱ्या लिहीत नाहीत, दोराला बांधतात: एका घराची एक गाठ. गाठी शेवटाकडून मोजतात: शेवटच्या गाठीची बारी पहिली, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. बऱ्याच गाठी बांधून झाल्या होत्या आणि म्हातारा दोर गुंडाळायला लागला होता. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं.

होडीचं नाक वाळूला लागलं. यमुना उडी मारून उतरली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. धापा टाकत होती.

दशरथबुवानं होडीकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. 'लागली,' तो म्हणाला. गुंडाळलेला दोर परत सोडला. 'सोमाच्या घरची बारी. कोनाची बांधू? तुह्या देराची?'

सोमा म्हणजे तिचा गेलेला नवरा. धाकटा दीर घोळक्यात उभा होता. बाईच्या बारीची गाठ त्या दोराला कधी बसली नव्हती, हे मला मागाहून कळलं. यमुना म्हणाली, 'डोंगी मी आनली. बारी माही बांधा.'

म्हाताऱ्यानं दोरावरच्या गाठी अंगठ्यानं एकेक करून मोजल्या. मग त्यानं दोराचं टोक तिच्यापुढे धरलं.

'तं मंग तूच बांध,' तो म्हणाला. 'मले बाईची गाठ येत नाई.'

कोणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि तिचा दीर पुढे येऊन खाली बसला. त्यानं दोराचं दुसरं टोक ताणून धरलं. यमुनेनं जाळ्याची गाठ मारली. एकदा ओढली, दोनदा ओढली. मी उघड उघड रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

मग ओटी झाली. पदरातल्या त्या मुठी होडीत पडल्या, आणि यमुनेनं पहिला पाय ठेवला. होडी डुलली आणि स्थिर झाली. तोल उत्तम होता.

होळी आणि धुळवड मी तिथेच केली. रंगानं माझं एकुलतं एक बरं लुगडं गेलं. नलूला निरोप पाठवला, वाचनालयाला तार केली. चौथ्या दिवशी सकाळी कोंढ्याकडे जाणारी गाडी मिळाली. तिथून भंडारा, मग स्टेशन, मग घर. यमुना मला पोचवायला आली नाही. पहाटेच घरातून गेली होती. तिची नणंद म्हणाली, 'ते डोहावर हाये,' आणि माझ्या पिशवीत सुके झिंगे आणि दोन डांगरं कोंबली.

गाव सोडल्यावर रस्ता थोडा वेळ नदीच्या काठाकाठानं जातो. तिथे ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि इंजिनात घालायला पाणी आणायला खाली उतरला. मीही उतरले. खाली डोह होता, ऊन नुकतं पाण्यावर पोचलं होतं. पिवळी होडी मधोमध होती. यमुना तिच्यात पाय फाकून उभी होती आणि जाळं ओढत होती, हातावर हात, न थांबता. तिच्याभोवती दुसरी एकही होडी नव्हती. बाकीच्या सगळ्या घाटाला बांधलेल्या होत्या.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तोंडाशी हातही नेला. पण मग तिला जाळं धरून वर बघावं लागलं असतं, हसावं लागलं असतं, हात करावा लागला असता. सत्तेचाळीस वर्षांत मी मध्येच बोलणं क्वचितच टाळलं असेल. हात खाली घेतला. गाडी सुटेपर्यंत मी तिची पाठ बघत राहिले, आणि ती एकदाही वळली नाही म्हणून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आज दिवसभर सगळा डोह तिचा होता. बारी तिची होती.